लोंढ्याच्या आज्जींचं लग्न आणि डिसेंबर १९६१

गोवा मुक्तीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे सुरू होतं आणि १९ च्या रात्री संपतं. ऑपरेशन विजय, छत्तीस तास, पणजीवर तिरंगा. मला त्याच्या आधीचे पंधरा-सोळा दिवस हवे होते. ते दिवस बेळगावात घडले, खानापूर तालुक्यात घडले, लोंढ्याच्या स्टेशनात आणि कॅसलरॉकच्या जंगलात घडले. म्हणून जायचं तर डिसेंबरातच, असं ठरवून मी कोल्हापुरातून बेळगावची एसटी धरली.

डिसेंबरात बेळगावला जाणाऱ्यांनी आधी कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या तारखा बघाव्यात. सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की गावातले लॉज भरतात, उरलेल्या खोल्यांचे दर चढतात आणि जागोजागी पोलीस उभे असतात. कोगनोळीच्या नाक्यापासूनच गाड्यांची रांग होती. मला मिळालेली खोली बसस्टँडच्या मागे होती. खिडकी नीट लागत नव्हती आणि रात्रभर खाली गाड्यांचे हॉर्न. पहाटे चारला मी झोपेचा नाद सोडला. त्या खोलीचे मोजलेले पैसे मला अजून बोचतात.

बेळगावचा कॅम्प मात्र मला नेहमीच आवडतो. रुंद रस्ते, जुनी झाडं, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र, सकाळी पळणारी रिक्रूट पोरं. २ डिसेंबर १९६१ पासून या गावाकडे फौज सरकायला लागली. आग्र्याहून ब्रिगेडिअर सगत सिंग यांची ५० पॅराशूट ब्रिगेड आली, तिच्यात आपली २ पॅरा (मराठा) बटालियन होती. मेजर जनरल कँडेथ यांची १७ इन्फन्ट्री डिव्हिजन आली. सगळ्यांच्या वर पुण्याच्या दक्षिण कमांडचे लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी. सांबऱ्याच्या धावपट्टीवर हंटर विमानं येऊन थांबली. आज त्याच सांबऱ्याला आपण मुंबई-बेंगळुरूचं विमान पकडायला जातो.

एवढं सगळं का जमवलं, हेही थोडक्यात सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९५५ ला हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने हद्द बंद केली, गोव्याकडे जाणारी रेल्वे बंद झाली. त्यावर सहा वर्षं गेली. १९६१ च्या नोव्हेंबरात पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला, त्याच सुमाराला कारवारकडच्या एका कोळ्याचा जीव गेला आणि देशभर लोक खवळले. तरीही पंडित नेहरूंचं मन लवकर होईना. अमेरिकेचे राजदूत गॅलब्रेथ शेवटपर्यंत त्यांना थांबवू बघत होते. हल्ल्याची तारीख ठरली आणि पुढे ढकलली गेली. तिकडे १४ डिसेंबरला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना कळवलं की शरणागती नाही, विजय नाहीतर मृत्यू. आणि इकडे हजारो जवान बेळगाव ते सावंतवाडी या पट्ट्यात हुकमाची वाट बघत बसले होते.

हे सगळं पुस्तकांतून कळतं. माझा खरा प्रवास लोंढ्यात सुरू झाला.

बेळगाव ते लोंढा पॅसेंजरने जावं, कारने जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी. इदलहोंडच्या पुढे झाडी दाट होते, खानापूरला मलप्रभा लागते, डब्यात मराठी-कन्नड-कोंकणीची सरमिसळ सुरू होते आणि कुणी ना कुणी तुम्हाला खायला देतंच. माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी पिशवीतून मांडा काढून हातात ठेवला, मी कोण, कुठली, हे विचारायच्या आधी.

लोंढ्याला स्टेशनजवळच एका घरात राहायची सोय झाली. स्टेशनातल्या चहावाल्या मामांनी जुळवून दिली. घरच्या वहिनींनी पैशांचं नावसुद्धा निघू दिलं नाही. तांदळाची भाकरी, मुगाची उसळ, ओल्या मिरचीचा ठेचा. बेळगावच्या त्या खोलीनंतर ते जेवण आणि ती शांत पडवी मिळाली तेव्हा मला खरंच भरून आलं. मी कशासाठी आले ते वहिनींना सांगितलं, तर त्या आत वळून ओरडल्या, “आत्या, ह्या बघा तुमच्या मिलिट्रीचं विचारायला आल्यात!”

आज्जी बाहेर आल्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या. हिरवं लुगडं, कान थोडे कमी, आवाज खणखणीत. त्यांनी मला विचारलं, “मिलिट्रीचं का माझ्या लग्नाचं? दोन्ही एकच हाय.”

आज्जींचं माहेर लोंढ्याचंच. वडलांचं स्टेशनासमोर भुसाराचं दुकान. लग्न ठरलं मिरजेच्या मुलाशी. मुलगा रेल्वेत फायरमन, मिरज शेडला. म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा मारणारा. लग्न मार्गशीर्षातलं, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं. मांडव पडला, पाहुणे यायला लागले, लाडू वळून झाले.

“हळद लागली व्हती मला,” आज्जी म्हणाल्या. “आणि संध्याकाळी तार आली. मुलाला रजा न्हाई, लग्न पुढं ढकला. आता तूच सांग पोरी, स्वतःच्या लग्नाला रजा मिळत न्हाई असं कुठं असतंय? माझ्या बापानं तार चारचारदा वाचली. मग सगळी बायामाणसं बोलाय लागली. कोण म्हणालं पोराचं दुसरीकडं हाय. कोण म्हणालं हुंड्यासाठी अडवलंय. कोण म्हणालं पोरगीच पांढऱ्या पायाची. अंगाला हळद तशीच. मी आतल्या खोलीत.”

आज्जींचे वडील स्टेशन मास्तरांकडे गेले. मास्तर रोज दुकानातून सामान नेणारे, घरोब्याचे. त्यांनी सांगितलं, गाड्या रद्द आहेत, का ते विचारू नका. वडील परत आले आणि कुणालाही काही बोलले नाहीत. पण रात्री मालगाड्या यायच्या, आज्जींनी त्या परसातून बघितल्या होत्या. ताडपत्रीखाली झाकलेलं काहीतरी, डब्यांच्या दारात बसलेले जवान. रस्त्यावरून ट्रक जायचे, दिवे बारीक केलेले. लोंढ्यातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं की हे गोव्याचं आहे. आणि कुणी ते तोंडाने बोलत नव्हतं. सरकारने दवंडी पिटून बोलू नका म्हटलं होतं असंही नाही. “बोलायचं कशाला?” आज्जी म्हणाल्या. “पलीकडं आमचीच माणसं. बातमी गेली आणि पाखल्यांनी तयारी केली म्हंजे मरणार कोण?” पाखले म्हणजे पोर्तुगीज.

इथे मला पुस्तकातलं एक वाक्य आठवलं. फौज बेळगावला हलवण्यासाठी शंभराहून जास्त प्रवासी गाड्या वळवल्या गेल्या, असं ते वाक्य. मी ते कितीतरी वेळा वाचलं होतं. तेव्हा पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा ही मीटर गेजची एकेरी लाईन. फौजेसाठी ती मोकळी करायची म्हणजे बाकीच्यांचं सगळं थांबणार, हे उघड आहे. पण त्या शंभर गाड्यांत कोण बसणार होतं, हा प्रश्न मला त्या पडवीत बसेपर्यंत पडला नव्हता. बाजाराला जाणारे, दवाखान्याला जाणारे, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बायका, आणि हे एक वऱ्हाड.

मग आज्जींनी जे सांगितलं, त्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

त्यांचा होणारा नवरा त्या दिवसांत लष्कराच्याच गाड्यांवर होता. शेडमधल्या सगळ्यांच्या रजा बंद झाल्या होत्या. आणि ज्या दिवशी आज्जींना हळद लागली, त्याच दिवशी दुपारी तो गाडी घेऊन लोंढ्याला आला होता. परतीची गाडी मिळेपर्यंत त्याला विश्रांती होती, ती त्याने रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीत काढली. रनिंग रूम आणि मांडव यांच्यामध्ये फक्त रूळ आणि एक रस्ता होता. त्याला मांडव दिसत होता. सनई ऐकू येत होती. तो आला नाही, कुणाकडे निरोप दिला नाही, रात्री इंजिनावर चढला आणि मिरजेला परत गेला.

“कधी सांगितलं त्यांनी हे तुम्हाला?” मी विचारलं.

“थोरला झाल्यावर. पाचव्या वर्षाला म्हण की. तोवर एक अक्षर न्हाई. म्हणाले, कुठं जातोय, काय नेतोय, कुणाला सांगायचं न्हाई म्हणून बजावलं व्हतं. मी मांडवात आलो असतो तर सगळ्यांनी विचारलं असतं, इथं कसा, मग लग्नाला का न्हाई. काय सांगू?” आज्जी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग एकदम तडकून म्हणाल्या, “मी सहा महिने बोलले न्हाई त्यांच्याशी. एका पोराला धाडून नुसतं सांगायचं, मी हाय, येतोय. मिलिट्रीचं नको सांगू. येतोय एवढं तर सांग! माझ्या बापाला लोकांनी काय काय ऐकवलं.”

माझ्याकडे यावर काही उत्तर नव्हतं. त्या माणसाने शब्द पाळला आणि त्याची किंमत एका मुलीने आतल्या खोलीत बसून चुकवली, दोन्ही खरं आहे. मला आज्जींचा राग पटतो. त्यांच्या नवऱ्याची छातीही मला मोठी वाटते. ते आता नाहीत. त्यांना कुठलं पदक मिळालं नाही, ते स्वातंत्र्यसैनिकही नव्हते, पगारी फायरमन होते. पण अचानक हल्ला म्हणतात तो अचानक राहतो तो अशा माणसांमुळे, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा दिसलं.

१८ डिसेंबरला, सोमवारी, उजाडताना विमानांचा आवाज आला. सांबऱ्याहून निघालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं, पुण्याहून आलेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. लोंढ्यात फक्त घरघर ऐकू आली. आज्जींचे वडील दुकानाच्या पायरीवर आले, वर बघितलं, घरात येऊन बायकोला म्हणाले, “पोरगं चांगलं हाय. मला कळलं काय झालंय ते.” त्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि तारेला उत्तर लिहिलं: पुढची तिथी कळवा.

तिथी लगेच मिळाली नाही. पौषात लग्न करायचं नाही. मग माघ बघितला, तर माघाच्या तोंडावर अष्टग्रही आली. १९६२ च्या फेब्रुवारीतली ती ग्रहांची युती ज्यांच्या घरी कुणी म्हातारं माणूस आहे त्यांना विचारा, जग बुडणार म्हणून गावोगाव होमहवन चालले होते. भटजींनी मुहूर्त काढायला नकार दिला. जग बुडालं नाही हे बघून माघाच्या उत्तरार्धात लग्न लागलं. आणि त्या लग्नाला आज्जींची मावशी आली, गोव्यातल्या सांग्याहून. हद्द बंद झाल्यापासून ती माहेरी आली नव्हती. तिचा बाप वारला तेव्हासुद्धा तिला येता आलं नव्हतं. डिसेंबरात लग्न झालं असतं तर ती येऊच शकली नसती. मावशी अनमोडच्या वाटेने आली, मांडवात शिरली आणि नवरीला सोडून आधी तिच्या आईच्या गळ्यात पडली. आज्जी म्हणाल्या, “अर्धा तास दोघी रडत व्हत्या. अक्षता हातात घेऊन लोक उभे.”

हे सांगताना आज्जी हसत होत्या. मला हसता येईना.

दुसऱ्या दिवशी कॅसलरॉक. तिनईघाट मागे पडलं की जंगल गाडीच्या खिडकीला लागतं. थंडी बेळगावपेक्षा जास्त. १९५५ पर्यंत हे ब्रिटिशांच्या आणि नंतर आपल्या बाजूचं शेवटचं स्टेशन, घाट उतरून गेलं की पोर्तुगिजांचं कुळें. तिथेच सप्टेंबर १९४६ मध्ये राममनोहर लोहियांना गाडीतून उतरवून अटक झाली होती.

कॅसलरॉकला मला शोधायचं होतं एका रेडिओचं ठिकाण. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘गोंयच्या सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र चालवलं, कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून. आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकहून, १९६१ पर्यंत. पावसाळ्यात या जंगलात काय असतं ते इथल्या लोकांना विचारा: जळवा, साप, आठ-आठ दिवस न दिसणारं ऊन. त्यात एका तरुण बाईने, मुंबईतलं आयुष्य सोडून, दिवसेंदिवस बातम्या टिपल्या, लिहिल्या, बोलल्या. पोर्तुगीज प्रचाराला तेवढंच उत्तर होतं. हल्ल्याच्या आधीच्या दिवसांत गव्हर्नर-जनरलने शरण यावं म्हणून भारताने केलेलं आवाहन याच आवाजाने पोहोचवलं. आणि गोवा सुटल्यावर हे दोघे विमानात बसून, ध्वनिक्षेपकावरून, साडेचारशे वर्षांनंतर तुम्ही मोकळे झालात हे लोकांना सांगत फिरले. वामन सरदेसाईंना १९९२ साली पद्मश्री मिळाली, लिबिया लोबो सरदेसाईंना २०२५ साली. तेहतीस वर्षांचं हे अंतर मला फार लागतं.

गावात मी खूप जणांना विचारलं. दूधसागरला कसं जायचं ते प्रत्येकाला माहीत होतं. रेडिओ कुठे होता ते दोन म्हाताऱ्या माणसांनी हात करून दाखवलं, दोघांनी वेगवेगळ्या दिशांना. मला कुठे पाटी दिसली नाही, दगड दिसला नाही. दुपारभर फिरून मी स्टेशनातल्या बाकावर येऊन बसले तेव्हा मला संताप आला होता. धबधब्याखाली फोटो काढायला इतके लोक येतात. त्यांच्यातल्या दहांनी जरी थांबून चार ओळी वाचल्या असत्या तरी चाललं असतं. वाचायलाच काही नाही.

तिथून मागे येऊन रामनगर, अनमोड घाट आणि गोवा. रस्ता खराब, ट्रकच ट्रक, पोटातलं सगळं ढवळून निघतं. याच बाजूने १७ डिव्हिजनची ६३ ब्रिगेड उतरली. मुख्य घाव पूर्वेकडूनच घालायचा बेत होता, उत्तरेकडून दोडामार्गमार्गे येणाऱ्या पॅरा ब्रिगेडचं काम दुय्यम धरलं होतं. पण पोर्तुगिजांनी पूल उडवून ठेवले होते, सुरुंग पेरले होते, घाटातून येणाऱ्यांना वेळ लागला. सगत सिंगांची माणसं मात्र थांबलीच नाहीत. १८ च्या संध्याकाळी ती बेतीला मांडवीच्या काठावर होती आणि १९ च्या सकाळी पणजीत. त्याच दिवशी आग्वादच्या तुरुंगातले कैदी सोडवायला गेलेले ७ कॅव्हलरीचे मेजर शिवदेव सिंग सिद्धू मारले गेले. रात्री साडेआठच्या सुमाराला व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली. सालाझारचा विजय-किंवा-मृत्यूचा हुकूम त्यांनी मानला नाही आणि हजारो माणसं वाचली, याबद्दल मला त्या शत्रूच्या सेनापतीचाही आदर वाटतो. पूर्ण मोहिमेत आपले २२ जवान गेले.

मोले उतरल्यावर चेकपोस्टवर बस थांबली आणि पाचेक मिनिटांत सुटलीसुद्धा. मी पणजीत फार राहिले नाही. तिथलं सगळं मला आधीच माहीत असलेलं होतं.

परतल्यावर मी रेल्वेकडे एक अर्ज पाठवला आहे. लोंढा स्टेशनात डिसेंबर १९६१ बद्दल मराठी, कन्नड आणि कोंकणीत एक फलक लावावा, आणि त्यावर इंजिन चालवणाऱ्या, कोळसा मारणाऱ्या, सिग्नल देणाऱ्या माणसांचा उल्लेख असावा, एवढीच मागणी आहे. कॅसलरॉकसाठी दुसरा अर्ज तयार करते आहे. मिरज, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा या लाईनीवर ज्यांच्या घरी त्या वेळचं कुणी रेल्वेतलं माणूस अजून असेल, त्यांनी या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून विचारावं आणि मला कळवावं. अर्जाला जोडायला मला आणखी आठवणी हव्या आहेत. लोंढ्याच्या आज्जींनी त्यांची लिहून घ्यायला परवानगी दिली, नाव न घालण्याच्या अटीवर. आणि एक गोष्ट त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितली आहे: ती तार त्यांच्या वडलांनी फाडली नव्हती, दुकानाच्या गल्ल्यात जपून ठेवली होती.